आयडाहोने न्यू जर्सीला मागे टाकलं ते कसं? अमेरिकी प्रायमरी, डेलिगेट आणि मतदारांचा उत्साह

वाटाड्या

५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्युसडे, म्हणजे बरीच राज्यं एकाच दिवशी प्रायमरी (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान) घेतात तो मंगळवार. डेमोक्रॅटिक पक्षात ओबामा विरुद्ध हिलरी क्लिंटन. न्यू जर्सीत अकरा लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं आणि क्लिंटन एक लाख दहा हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी) वाटले गेले ५९ आणि ४८. आघाडी ११ ची.

त्याच रात्री आयडाहोत कॉकस होतं, म्हणजे मतपेटीऐवजी सभेत जमून निवड. आलेली माणसं एकवीस हजारांच्या आसपास; आपल्याकडे तालुक्याच्या जत्रेला याहून जास्त गर्दी होते. ओबामांना जवळपास ८० टक्के मिळाले. डेलिगेट १५ आणि ३. आघाडी १२ ची.

म्हणजे एक लाख दहा हजार मतांच्या आघाडीपेक्षा तेरा हजारांची आघाडी भारी पडली. यात लबाडी काही नाही, सगळं पक्षाच्या छापील नियमांप्रमाणे. बातम्यांत "अमुक राज्य जिंकलं" असं सांगतात, पण डेमोक्रॅटिक प्रायमरीत राज्य जिंकण्याला फारसा अर्थ नसतो. फरक किती आणि तो कुठे पडला, यावर सगळं अवलंबून. ओबामांच्या लोकांनी हे आधी ओळखलं. क्लिंटन यांच्या मोहिमेने मोठ्या राज्यांवर जोर दिला आणि छोटी कॉकस-राज्यं जवळजवळ सोडून दिली.

या धाग्यावर दोन गोष्टी एकत्र बघू: डेलिगेटचं गणित आणि मतदारांचा उत्साह. उत्साहाने प्रायमरी जिंकतात हे खरं, पण उत्साह नियमांच्या चाळणीतून खाली उतरला तरच. चाळणीचं भोक कुठे मोठं, कुठे बारीक, ते माहीत असणाऱ्यांनी लिहावं.

खडीसाखर

थोडं मागून सांगा की. डेलिगेट म्हणजे नेमकं कोण? आणि आपल्यासारखं दिल्लीहून तिकीट का नाही येत?

वाटाड्या

@खडीसाखर, १९६८ पर्यंत बरंचसं तसंच होतं. त्या वर्षी ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, कारण डेलिगेट राज्याराज्यांतल्या पक्षनेत्यांच्या खिशात होते. शिकागोच्या अधिवेशनात बाहेर रस्त्यावर डोकी फुटली, आत शिव्यागाळी झाली. त्यानंतर मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला आणि डेलिगेट मतदारांच्या कौलाशी जोडले गेले. नवे नियम सगळ्यांत आधी ज्याला कळले तो १९७२ चा उमेदवार झाला: आयोगाचे पहिले अध्यक्ष खुद्द जॉर्ज मॅकगव्हर्न!

डेलिगेट म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात मत देणारा माणूस. शिक्षक, युनियनवाले, वकील, निवृत्त मंडळी, कोणीही. मतपत्रिकेवर नाव बायडन किंवा ट्रम्प यांचं असतं, पण त्यातून प्रत्यक्षात ठरतं ते कोणाच्या नावाने किती डेलिगेट जाणार हे. अधिवेशनातल्या डेलिगेटच्या एकूण मतांपैकी निम्म्याहून जास्त ज्याच्याकडे, तो उमेदवार. २०२० मध्ये डेमोक्रॅट्सचे ३,९७९ बांधील (मतदारांच्या कौलाला बांधलेले) डेलिगेट होते, लागत होते १,९९१. रिपब्लिकन पक्षात २०२४ ला २,४२९ पैकी १,२१५.

गणितमास्तर

डेमोक्रॅट्सचं गणित मांडतो. वही-पेन घ्या, फार अवघड नाही.

राज्याच्या बांधील डेलिगेटचे ढोबळ दोन भाग. मोठा भाग मतदारसंघनिहाय (बहुतेक ठिकाणी काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे मतदारसंघ), उरलेला राज्यभराच्या मतांवर. कॅलिफोर्नियाचं २०२० चं उदाहरण: एकूण ४१५. त्यातले २७१ मतदारसंघांत वाटलेले, ९० राज्यभराच्या मतांवर आणि ५४ पक्षाच्या पदाधिकाऱ्यांसाठी राखीव, तेही राज्यभराच्याच मतांवर. प्रत्येक भागाचा हिशोब वेगळा मांडायचा.

पहिली पायरी: १५ टक्क्यांखालच्यांना काढून टाका. समजा एका मतदारसंघात अ ला ४०, ब ला २५, क ला १४, ड ला १२, ई ला ९ टक्के. उरले फक्त अ आणि ब. क ला एक टक्का कमी पडला म्हणून शून्य.

दुसरी पायरी: उरलेल्यांची बेरीज ६५, हा नवा पाया. अ चे ४० भागिले ६५ म्हणजे ६१.५ टक्के, ब चे ३८.५.

तिसरी: जागांनी गुणा. ६ जागा असतील तर अ ३.६९ आणि ब २.३१. पूर्णांक आधी द्या, ३ आणि २. उरलेली एक जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. निकाल ४-२.

दुरंगी लढतीत खरी गंमत सम-विषम जागांची. ४ जागांच्या मतदारसंघात ३-१ करायला ६२.५ टक्के लागतात. ६१ टक्के मिळवा, २-२ च राहील. ६ जागांत ४-२ साठी ५८.३ टक्के. पण ५ जागांत ५० च्या वर एक मत गेलं की ३-२. ७ मध्ये ४-३ तसंच स्वस्तात, मात्र ५-२ साठी ६४.३ हवेत.

म्हणून शहाणी मोहीम विचारते: विषम जागांच्या कोणत्या मतदारसंघात आपण ४८ वर आहोत? तिथे माणसं पाठवा. सम जागांच्या ठिकाणी ५५ चे ५७ करण्यात पैसा घालू नका. पाणी मुरून जातं, पीक येत नाही.

नेवाडा २००८ याचा पुरावा. कॉकसमध्ये क्लिंटन ५१, ओबामा ४५. राष्ट्रीय डेलिगेट मात्र ओबामा १३, क्लिंटन १२. क्लिंटन यांचा जोर लास वेगासच्या बाजूला होता आणि तिथल्या सम जागा अर्ध्या-अर्ध्या वाटल्या गेल्या. उत्तरेच्या विरळ वस्तीच्या भागात जागा विषम होत्या, तिथे ओबामा पुढे.

कडूलिंब

मास्तर, गणित चोख. पण डेलिगेटची मोजदाद हा हौशी लोकांचा खेळ आहे. प्रायमरी ठरते हवेवर. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, तिथे ८ टक्क्यांच्या आसपास मतं आणि डेलिगेट शून्य. कोणी विचारत नव्हतं. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकले आणि तीन दिवसांत सुपर ट्युसडेच्या १४ पैकी १० राज्यं खिशात. मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटा तर फारसा प्रचार न करता. त्या तीन दिवसांत कोणतं सम-विषम बदललं?

वाटाड्या

@कडूलिंब, हवा होतीच, नाकारत नाही. पण ती १५ टक्क्यांच्या उंबऱ्यावरून आत आली.

साउथ कॅरोलायनाच्या तीन दिवस आधी काँग्रेसमधले ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडन यांना पाठिंबा दिला. निकाल: जवळपास ४९ टक्के मतं, डेलिगेट बायडन ३९, त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स १५. बाकी सगळे, पैसा ओतणारे टॉम स्टायरसुद्धा, उंबऱ्याखाली. मध्यममार्गी उमेदवारांपैकी १ मार्चला बुटिजेज बाहेर पडले, २ मार्चला क्लोबुशार, दोघांनीही बायडन यांना पाठिंबा जाहीर केला.

आता मास्तरांचं उदाहरण परत बघा, अ म्हणजे सँडर्स आणि ब म्हणजे बायडन धरून. क चे १४ आणि ड चे १२ टक्के आधी वाया जात होते. ते ब कडे आले तर अ ४०, ब ५१. एकाही मतदाराने सँडर्स यांना सोडलं नसेल तरी ६ जागांचा निकाल ४-२ वरून उलटा नाही तरी ३-३ झाला, आणि ५ जागांचा थेट फिरला: ३-२ होता, तो २-३. सँडर्स यांचा बेत असा होता की मध्यममार्गी मतं चार जणांत फुटलेली राहतील आणि आपण तिशीतल्या टक्क्यांवर पुढे राहू. बेत चुकीचा नव्हता, समोरचे वेळेत एकत्र आले म्हणून फसला.

उत्साहाबद्दल व्हर्जिनिया पाहा. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत सात लाख ऐंशी हजारांच्या आसपास मतदान झालं होतं, २०२० मध्ये तेरा लाखांवर. वाढ मुख्यतः वॉशिंग्टनलगतच्या आणि इतर उपनगरांतून. यातले बहुतेक सभेला जाऊन झेंडे फडकवणारे नव्हेत. गर्दी सँडर्स यांच्या सभांना, रांग बायडन यांच्या नावाने. उत्साह मोजायचा तर मैदानात मोजू नये, मतदान केंद्रावर मोजावा.

कोकमसरबत

सुपर ट्युसडेला एक जुना घोळ असतो, तोही लिहून ठेवते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मतपत्रिका साधारण महिनाभर आधी टपालाने जातात. मतदाराने बुटिजेज यांना मत देऊन पाकीट टाकलं आणि उमेदवार दोन दिवस आधी बाहेर पडला, तर ते मत परत घेता येत नाही. टाकलं की टाकलं. म्हणून स्पर्धा बहुरंगी असेल तेव्हा जाणकार मतदार पाकीट घरी ठेवतात आणि शेवटच्या दोन दिवसांत देतात. पोस्टाचा शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा चालतो, म्हणून हे जमतं. काही राज्यांत मतपत्रिका त्या दिवशी कचेरीत पोचलेलीच लागते. आपल्या राज्याचा नियम आधी बघायचा.

सुपारीकातर

रिपब्लिकन बाजू कोणीच घेईना. तिथला कारभार निराळा.

राज्याला ठरीव १० डेलिगेट, प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाला ३, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ३ सदस्य, आणि मागच्या निवडणुकांत राज्याने पक्षाला साथ दिली असेल तर वर बोनस. यातली मेख "प्रत्येक मतदारसंघाला ३" मध्ये. डेमोक्रॅट्स आपली मतं जिथे जास्त तिथे जागा जास्त देतात. रिपब्लिकन पक्षात न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधला मतदारसंघ, जिथे रिपब्लिकन शोधून काढावे लागतात, त्यालाही ३ आणि रिपब्लिकन बालेकिल्ल्यालाही ३. ब्राँक्समधलं एक रिपब्लिकन मत म्हणूनच वजनदार.

वाटपाचे नियम राज्यागणिक वेगळे. १५ मार्चच्या आधी मतदान घेणाऱ्यांनी काहीतरी प्रमाणशीर वाटप ठेवायचं, सुरुवातीच्या चार राज्यांना त्यातून सूट. १५ मार्चपासून पुढे "जिंकेल तो सगळं नेईल" चालतं. २०१६ ची उदाहरणं:

साउथ कॅरोलायना: ट्रम्प ३२.५ टक्के, डेलिगेट ५० पैकी ५०. राज्यात पहिले आणि प्रत्येक मतदारसंघातही पहिले.

फ्लोरिडा, १५ मार्च: ट्रम्प ४६ टक्क्यांच्या जवळ, ९९ पैकी ९९. मार्को रुबिओ यांनी स्वतःच्याच राज्यात हरून त्याच रात्री माघार घेतली.

ओहायो, त्याच दिवशी: ६६ च्या ६६ तिथले गव्हर्नर जॉन केसिक यांना.

न्यू यॉर्क: ट्रम्प ६० टक्क्यांच्या आसपास, डेलिगेट ९५ पैकी ८९. उरलेले ६ केसिक यांना.

विरोधक तीन-चार जणांत फुटलेले असले की असा नियम पुढे असणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. हेच डेमोक्रॅटिक नियमांत झालं असतं तर ट्रम्प यांना बहुमताचा १,२३७ चा आकडा गाठायला शेवटपर्यंत झगडावं लागलं असतं.

खडीसाखर

म्हणजे एका पक्षात थोडक्यात जिंकून उपयोग नाही आणि दुसऱ्यात थोडक्यात जिंकलं की लॉटरी. बरं, ते कॉकस म्हणजे नक्की काय? हात वर करायचे?

वाटाड्या

आयोवाची डेमोक्रॅटिक पद्धत, २०२० ची, थोडक्यात नाही सांगता येणार.

संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये, चर्चच्या हॉलमध्ये जमायचं. सातच्या आत रांगेत असाल तर आत, नाहीतर घरी. अशी केंद्रं राज्यात १,६०० च्या वर. आत आल्यावर आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. मोजणी व्हायची. केंद्राला ४ किंवा जास्त जागा (वरच्या अधिवेशनात पाठवायचे प्रतिनिधी) असतील तर उंबरा १५ टक्के, ३ असतील तर एक षष्ठांश, २ असतील तर २५ टक्के. हॉलमध्ये १२० माणसं असतील तर १८ लागायची; अपूर्णांक आला की वरचा आकडा धरायचा. ज्यांचा गट उंबऱ्याखाली, ते दुसऱ्या गटात जाऊ शकत किंवा इतर छोट्या गटांना ओढून आपला गट वर काढू शकत. २०२० पासून पहिल्याच फेरीत उंबरा ओलांडलेल्या गटाला हलता येत नव्हतं. बरोबरी झाली आणि जागा एकच उरली तर नाणेफेक. खरंच, नाणं वर उडवायचे.

आता मुद्द्याचं. प्रत्येक केंद्राच्या जागा आधीच ठरलेल्या असायच्या, आणि त्या मागच्या निवडणुकांतल्या पक्षाच्या मतांवरून. त्या रात्री किती जण आले याच्याशी संबंध नाही. विद्यापीठाशेजारच्या केंद्रावर पोरांनी हॉल फुटेस्तोवर गर्दी केली तरी जागा तेवढ्याच. उलट शेताडातल्या केंद्रावर तीस माणसं आली तरी तिथल्या जागा त्यांच्याच. म्हणून २०२० मध्ये पहिल्या मोजणीत सँडर्स सुमारे सहा हजार माणसांनी पुढे होते, पण राज्यपातळीच्या जागांत बुटिजेज दोन अंकांच्या आतल्या फरकाने वर. राष्ट्रीय डेलिगेट बुटिजेज १४, सँडर्स १२, वॉरन ८, बायडन ६, क्लोबुशार १. बुटिजेज यांची माणसं गावोगाव पसरलेली होती, सँडर्स यांची शहरांत आणि कॉलेजांत दाटलेली.

(निकाल पाठवायचं अॅप त्या रात्री कोसळलं, फोन लाइन तुंबल्या आणि कागदावरून बेरजा करण्यात दिवस गेले. कागद होता म्हणून निभावलं.)

कडूलिंब

मग कॉकस उत्साहाला फायद्याचं की तोट्याचं? आयडाहोत फायदा म्हणालात, आयोवात तोटा.

कोकमसरबत

दोन्ही. केंद्रांच्या आत गर्दी वाया जाऊ शकते. पण एकूण कोण येतं हे कॉकसमध्ये उत्साहच ठरवतो, कारण दोन-तीन तास उभं राहण्याची तयारी सगळ्यांची नसते. रात्रपाळीचा कामगार, लहान मूल असलेली बाई, गुडघे गेलेली आजी हे गळतात.

याची तुलना करायची संधी २०१६ मध्ये दोन राज्यांनी दिली. वॉशिंग्टन राज्यात मार्चमध्ये डेमोक्रॅटिक कॉकस झालं, सव्वादोन लाखांच्या आसपास लोक आले. सँडर्स ७३ टक्के, डेलिगेट ७४ विरुद्ध २७. मे महिन्यात सरकारी प्रायमरी झाली, तिला डेलिगेटच्या दृष्टीने शून्य किंमत. तरी सुमारे आठ लाख मतं पडली, आणि त्यात क्लिंटन ५२ टक्क्यांवर पुढे. नेब्रास्कात तेच: कॉकस सँडर्स, बिनवजनाची प्रायमरी क्लिंटन. मतदार त्याच पक्षाचे, राज्य तेच, फक्त दार बदललं.

माझ्या मते यात कॉकस उघड अन्यायाचं आहे. पक्षालाही ते पटलं असावं, कारण २०२० पर्यंत डेमोक्रॅट्सनी वॉशिंग्टन, नेब्रास्का, मिनेसोटा, कोलोराडो, मेन आणि खुद्द आयडाहोत प्रायमरी आणली.

सुपारीकातर

पक्षाने केलं ते बरोबर, पण "उघड अन्याय" जास्त होतं. कॉकसमध्ये शेजारी शेजाऱ्याला पटवतो, पक्षाला काम करणारी माणसं तिथेच सापडतात. ते प्रायमरीत होत नाही.

पण कॉकसचा खरा उत्साह त्या रात्री नसतो, नंतर असतो. उमेदवार रॉन पॉल, आयोवा २०१२. रिपब्लिकन कॉकसच्या रात्री मतचाचणी, म्हणजे हॉलमधल्या लोकांचं डेलिगेटना न बांधणारं मतदान, झाली. पॉल तिसरे, २१ टक्के. टीव्हीवाले गाशा गुंडाळून न्यू हॅम्पशायरला गेले. पॉल यांची माणसं हॉलमध्येच थांबली, कारण मतचाचणीनंतर काउंटीच्या (राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडतात आणि तेव्हा उरलेत किती जण? मग काउंटी, काँग्रेस मतदारसंघ, राज्य अशा पायऱ्या, प्रत्येक ठिकाणी शनिवार घालवायची तयारी. टॅम्पाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ मतं पॉल यांना पडली. पक्षाने त्यानंतर नियम बदलून डेलिगेट राज्याच्या कौलाला बांधले.

२०१६ मध्ये ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांनी कोलोराडोत त्याच वाटेने ३४ डेलिगेट नेले. तिथे त्या वर्षी उमेदवारांवर थेट मतदानच ठेवलं नव्हतं, सगळं अधिवेशनांतून. ट्रम्प यांच्या बाजूने तिथे तयारी तोकडी होती आणि नंतर आरडाओरडा खूप झाला. लुइझियानात तर ट्रम्प मतांत जिंकले, पण क्रूझ यांच्या बरोबरीने १८-१८ डेलिगेट, आणि मोकळे उरलेले डेलिगेट क्रूझ यांच्याकडे झुकलेले.

आणि पेनसिल्व्हेनिया! ७१ पैकी ५४ डेलिगेट मतदारसंघांतून थेट नावाने निवडायचे, मतपत्रिकेवर तो कोणाच्या बाजूचा हे छापलेलंच नाही, आणि निवडून आल्यावर तो कोणालाही बांधील नाही. मोहिमांनी मग नावांच्या चिठ्ठ्या छापून केंद्राबाहेर वाटल्या. ज्याची चिठ्ठी मतदाराच्या हातात, त्याचे डेलिगेट.

खडीसाखर

म्हणजे डेलिगेट फितूर होऊ शकतो?

गणितमास्तर

रिपब्लिकन पक्षात बांधील डेलिगेटचं पहिल्या फेरीचं मत नियमाप्रमाणेच धरलं जातं, तो काहीही ओरडला तरी. मोकळीक दोन ठिकाणी: अधिवेशनाचे नियम आणि पात्रता ठरवणाऱ्या मतदानात, आणि पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळालं नाही तर पुढच्या फेऱ्यांत (किती फेऱ्या बांधील हे राज्य ठरवतं). म्हणून क्रूझ यांची माणसं ट्रम्प यांच्या नावाच्या जागांवर आपले लोक बसवत होती. दुसरी फेरी आली असती तर कामाला आले असते.

डेमोक्रॅट्सकडे सक्ती नाही, "सदसद्विवेकबुद्धीने निवडणाऱ्यांच्या भावना मांडाव्यात" असा शब्दप्रयोग आहे. पण उमेदवाराला आपल्या डेलिगेटची यादी आधी तपासून नावं कापायचा अधिकार असतो. निष्ठावानच पुढे जातात.

दुसऱ्या फेरीचं स्वप्न पत्रकारांना दर चार वर्षांनी पडतं. शेवटची अनेक फेऱ्यांची निवड १९५२ ची, अॅडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत. १९७६ ला कॅन्सस सिटीत फोर्ड १,१८७ आणि रेगन १,०७०, तरी पहिल्याच फेरीत मिटलं. १९२४ मध्ये डेमोक्रॅट्सना १०३ फेऱ्या लागल्या होत्या, ते सोडा.

कोकमसरबत

२०२४ मध्ये तो विवेकबुद्धीचा शब्द कामाला आला. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतली तेव्हा जवळपास सगळे बांधील डेलिगेट त्यांचेच होते. पण डेलिगेट दुसऱ्याला वारशात देता येत नाहीत, ते मोकळे झाले. नाव मतदानाला यायचं तर किमान ३०० डेलिगेटच्या सह्या, एका राज्यातून ५० पेक्षा जास्त धरायच्या नाहीत. उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी त्या गोळा केल्या, दुसऱ्या कोणाला जमल्या नाहीत, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानाने निवड झाली. शिकागोचं अधिवेशन नंतर, १९ तारखेला.

त्याच वर्षी उलट्या उत्साहाचंही उदाहरण आहे. मिशिगनच्या प्रायमरीत गाझावरच्या धोरणाचा निषेध म्हणून लाखभर लोकांनी "अनकमिटेड" म्हणजे कोणाशीच बांधील नाही, या पर्यायाला मत दिलं. साधारण १३ टक्के. राज्यभरात १५ चा उंबरा हुकला, पण ज्या मतदारसंघांत तो ओलांडला तिथून २ डेलिगेट मिळाले. मिनेसोटात १९ टक्क्यांच्या आसपास, डेलिगेट ११. मतं मिशिगनपेक्षा खूप कमी, डेलिगेट पाचपटीहून जास्त!

रानमेवा

सुपरडेलिगेटबद्दल कोणी लिहिलं नाही. १९८२ मध्ये डेमोक्रॅट्सनी हा प्रकार आणला: पक्षाचे खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य आपोआप डेलिगेट, कोणालाही मत द्यायला मोकळे. २०१६ मध्ये असे सातशेहून जास्त होते, बहुतेक क्लिंटन यांच्या बाजूने. त्यांनी निकाल फिरवला नाही, क्लिंटन बांधील डेलिगेट आणि मतं दोन्हींत पुढे होत्या. पण माध्यमं पहिल्या दिवसापासून त्यांना बेरजेत धरून दाखवत राहिली, आणि सँडर्स यांच्या मतदारांना शर्यत आधीच ठरलीय असं वाटलं. म्हणून २०१८ मध्ये नियम आला: निकाल आधीच नक्की नसेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही.

मराठी वाचकांसाठी: मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार, मूळ बेळगावकडचे, २०२३ पासून डेमोक्रॅटिक खासदार असल्याने २०२४ मध्ये याच वर्गात होते.

सुदूर

अमेरिकेत एडिसन, बे एरिया, ह्यूस्टनला राहणाऱ्या मराठी मंडळींना उपयोगी काही लिहा ना. मत कोणाला देता येतं, आणि लोक कुठे चुकतात?

कोकमसरबत

मत फक्त नागरिकांना. ग्रीन कार्डवाल्यांना प्रचाराला देणगी देता येते, मत देता येत नाही. एच-१बी वर असाल तर देणगीही नाही.

कॅलिफोर्निया: नोंदणी "पक्ष नाही" अशी असेल तर टपालाने येणाऱ्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाचा रकानाच नसतो. डेमोक्रॅटिक मतपत्रिका हवी तर आधी मागून घ्यावी लागते. रिपब्लिकन हवी तर नोंदणी रिपब्लिकन करावी लागते. आणि "अमेरिकन इंडिपेंडंट" नावाचा एक खराखुरा पक्ष आहे, "अपक्ष" समजून लोक त्यावर खूण करतात.

न्यू यॉर्क: बंद प्रायमरी, म्हणजे त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत. २०१६ मध्ये एप्रिलच्या मतदानासाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरात संपली होती. ट्रम्प यांची दोन मुलंसुद्धा वडिलांना मत देऊ शकली नाहीत.

न्यू जर्सी: कुठल्याच पक्षात नसाल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो. पण तो मग नोंदला जातो.

टेक्सास: पक्षनोंदणीच नाही, कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागा. २००८ मध्ये तिथे डेमोक्रॅट्सचं दिवसा प्रायमरी, रात्री कॉकस असं दुहेरी होतं. क्लिंटन प्रायमरीत ६५-६१ ने पुढे, कॉकसमध्ये ओबामा ३८-२९. एकूण ओबामा ९९, क्लिंटन ९४. दुपारी मत देऊन घरी गेलेल्यांचं अर्धंच काम झालं होतं.

पुण्या-मुंबईत राहणारे अमेरिकी नागरिक: डेमोक्रॅट्सची परदेशस्थ शाखा स्वतःची जागतिक प्रायमरी घेते. २०२० मध्ये तिला १३ डेलिगेट होते, सँडर्स ९, बायडन ४. तिथे मत दिलं तर आपल्या राज्याच्या प्रायमरीत राष्ट्राध्यक्षपदासाठी परत द्यायचं नाही. रिपब्लिकनांकडे अशी डेलिगेटची सोय नाही.

कडूलिंब

एक शेवटचा काटा. प्रायमरीत ज्या पक्षाकडे जास्त गर्दी तो नोव्हेंबरची निवडणूक जिंकतो, असं दर वेळी ऐकतो.

गणितमास्तर

१९७२ आणि १९८८, दोन्ही वेळा डेमोक्रॅटिक प्रायमरीत मतदान रिपब्लिकनांच्या मानाने भरपूर होतं. १९७२ ला मॅकगव्हर्न ४९ राज्यं हरले, १९८८ ला डुकाकिसही पडले. कारण साधं: चुरस असली की लोक येतात, पदावरचा राष्ट्राध्यक्ष बिनविरोध असला की येत नाहीत. आयोवात २००४ ला डेमोक्रॅटिक कॉकसला सव्वा लाखाच्या आसपास होते, २००८ ला दोन लाख चाळीस हजारांच्या जवळ. तेव्हा ती वाढ खरी लाट होती. पण २०२४ ला रिपब्लिकन कॉकसला १ लाख १० हजार आले, २०१६ च्या १ लाख ८७ हजारांपेक्षा कितीतरी कमी, थंडीही हाडं गोठवणारी. आणि नोव्हेंबरात ट्रम्प आयोवा आरामात जिंकले.

सुपारीकातर

एक राहिलंच. ज्या बेटांना नोव्हेंबरात मत नाही, त्यांनाही प्रायमरीत डेलिगेट असतात. प्वेर्तो रिकोला २००८ मध्ये ५५ होते, अनेक राज्यांपेक्षा जास्त. क्लिंटन ३८, ओबामा १७. आणि त्याच वर्षी ग्वाममध्ये ओबामा जिंकले ७ मतांनी. डेलिगेटची मतं दोघांना २-२.